बी1 च्या बोलण्याच्या परीक्षेत दोनदा अडकल्यावर ‘ग्रोथ माइंडसेट’ ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नवी मुंबईत परिचारिका आहात, वय 36 आहे आणि जर्मनीला जाण्यासाठी जर्मन शिकत आहात. बी1 या मध्यम पातळीच्या परीक्षेतील वाचन, श्रवण आणि लेखन हे तीन भाग पास झाले, पण बोलण्याच्या भागात दोनदा अपयश आले. वर्गातील विशीची मुले पुढे निघून गेली आणि आपल्याला भाषेचे अंगच नाही, असे आता तुम्हाला वाटू लागले आहे. ‘ग्रोथ माइंडसेट ठेवा’ असे सगळेच सांगतात, पण तो ठेवायचा म्हणजे सकाळी उठून काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यात वाढले, श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धसेवागृहात काही वर्षे काम केले आणि आता ऐरोलीत राहते. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या काही जणींचा बोलण्याचा सराव मी घेते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

क्षमता जन्मजात ठरलेली नसते, ती वाढवता येते असे मानणे म्हणजे ग्रोथ माइंडसेट. ही संकल्पना कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. क्लॉडिया म्युलर यांच्यासह त्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली होती. ती सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे मुद्दाम कठीण कोडी दिली, तेव्हा हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर खचली आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. आपल्याकडे तर ही वाटणी घरातच होते. थोरलीला भाषा चांगल्या, धाकट्याचे गणित पक्के, असे आपण मुलांसमोर सहज बोलून जातो आणि ते शिक्के माणूस पुढे आयुष्यभर बाळगतो. तुमचे ‘भाषेचे अंग नाही’ हे वाक्यही परीक्षेच्या निकालातून आलेले नसावे. ते पूर्वीच कुठेतरी तयार झालेले असावे आणि निकालाने त्याला निमित्त दिले असावे, असे मला वाटते.

मात्र या संकल्पनेकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. 2019 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12 हजार विद्यार्थ्यांचा समावेश होता. बुद्धी वाढवता येते हे समजावणारे, तासाभराहून कमी वेळाचे ऑनलाइन पाठ त्यांतल्या निम्म्या मुलांना दिले, तेव्हा अभ्यासात मागे असलेल्यांचे सरासरी श्रेणीगुण चारपैकी सुमारे 0.1 ने वाढले. परिणाम खरा आहे, पण लहान आहे. स्वतः ड्वेक यांनीही 2015 मध्ये बजावले होते की नुसत्या कष्टांचे कौतुक करणे म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे; एक पद्धत चालत नसेल तर दुसरी शोधणे आणि गरज पडेल तिथे मदत मागणे हेही त्यात येते. तुमच्या दृष्टीने याच गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व आहे, कारण कष्टात तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाहीत. ड्यूटी करून, घर सांभाळून तीन भाग सोडवणाऱ्या बाईला ‘अजून मेहनत घ्या’ असे सांगणे हा अन्याय आहे. ‘मला भाषा येण्यासारखी आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कुणीही देऊ शकत नाही. ‘बोलताना माझे नेमके कुठे अडले?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्ही आठवडाभरात शोधू शकता.

ते शोधण्यासाठी परीक्षेची रचनाच उपयोगी पडते. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या बी1 परीक्षेत चार स्वतंत्र मॉड्यूल, म्हणजे भाग, असतात, प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात आणि राहिलेले मॉड्यूल तेवढेच पुन्हा देता येते. बोलण्याचे मॉड्यूल सहसा जोडीने होते आणि सुमारे पंधरा मिनिटे चालते. आधी जोडीदाराबरोबर एखादी गोष्ट ठरवायची, मग दिलेल्या विषयावर छोटे सादरीकरण करायचे आणि शेवटी परस्परांच्या सादरीकरणावर अभिप्राय देऊन प्रश्न विचारायचे, असे त्याचे तीन टप्पे आहेत. आपल्याकडच्या उमेदवारांचे सादरीकरण बहुधा उत्तम होते, कारण ते पाठ केलेले असते. लहानपणापासून पाठांतरावर गुण मिळवत आल्याने त्यात आपला हात कुणी धरत नाही. अडते ते पहिल्या टप्प्यात. ‘आजारी सहकाऱ्याला भेटायला कधी जायचे?’ असा विषय असतो. तुम्ही शनिवार सुचवता आणि जोडीदार म्हणतो, ‘शनिवारी मला जमणार नाही, पण तू गाडी आणू शकशील का?’ पाठ केलेल्या कागदावर हे वाक्य नसते. ते ऐकायचे, समजून घ्यायचे आणि दोन-तीन सेकंदांत काहीतरी बोलायचे, ही सादरीकरणापेक्षा अगदी वेगळी क्षमता आहे, आणि वर्गात बाकावर बसून ती येत नाही.

तिचा सराव असा करावा. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून मैत्रिणीबरोबर चार मिनिटे असा एक विषय ठरवावा, आणि तुमचे प्रत्येक म्हणणे तिने एकदा तरी नाकारावे, ही अट घालावी. नंतर दोघींनी मिळून ते ऐकावे आणि दुरुस्तीसाठी एकच गोष्ट निवडावी. त्या दिवशी वाक्यांतले क्रियापद सतत चुकीच्या जागी पडत असेल तर तेवढेच घ्यावे. लिंगाच्या, प्रत्ययांच्या चुका कानावर पडल्या तरी सोडून द्याव्यात. दुसऱ्या दिवशी तोच विषय दुसऱ्या जोडीदाराबरोबर घ्यावा. एका जणीच्या बाबतीत असे ऐकताना लक्षात आले की तिला शब्द सगळे येत होते, पण समोरच्याने नकार दिला की ती लगेच त्याचेच म्हणणे मान्य करून मोकळी होत होती आणि संवाद दोन वाक्यांत संपत होता. त्या मॉड्यूलचे गुण संवाद, शब्दसंपदा, वाक्यरचना, उच्चार अशा वेगवेगळ्या कसोट्यांवर दिले जातात. तिचे गुण संवादात जात होते आणि ती बिचारी घरी बसून शब्दांच्या याद्या पाठ करत होती. नम्रपणे नकार देण्याची आणि दुसरा पर्याय सुचवण्याची सात-आठ वाक्ये तिच्या तोंडात बसवली, एवढाच उपाय तिला पुरला. तुमचे कारण वेगळे असेल, पण ते असेच लहान आणि नाव देता येण्याजोगे असण्याची शक्यता फार मोठी आहे.

वयाबद्दलही लिहिते, कारण तुम्ही त्याचा दोनदा उल्लेख केला आहे. 1978 मध्ये स्नो आणि हूफनागेल-होले या संशोधकांनी हॉलंडमध्ये येऊन डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा किशोरवयीन मुले आणि प्रौढच वेगाने शिकत असल्याचे दिसले. 2018 मध्ये सुमारे 6 लाख 70 हजार लोकांच्या इंटरनेटवरील चाचणीतून हेही दिसले की परक्या भाषेचे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण 17 व्या वर्षानंतर उतरू लागते. दोन्ही खरे आहे. तिथे जन्मलेल्या माणसासारखे बोलणे कदाचित तुम्हाला कधीच साधणार नाही, पण बी1 किंवा त्यापुढच्या बी2 पातळीसाठी ते कुणी मागतही नाही. वर्गातली विशीची मुले पुढे गेली, याचे कारण मेंदूपेक्षा त्यांच्या मोकळ्या संध्याकाळी आणि परस्परांत तासन्‌तास चालणारे बोलणे हे असावे, असे माझे मत आहे. जर्मनीतही नवागतांसाठीच्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात बी1 पर्यंत भाषेच्या 600 तासिका धरलेल्या असतात आणि गरज असलेल्यांना 900 तासिकांचे वर्ग मिळतात. तिथे राहणाऱ्या, दुकानात आणि रस्त्यावर रोज जर्मन ऐकणाऱ्या लोकांसाठीचा हा हिशेब आहे. नेरूळहून जर्मन शिकणाऱ्या माणसाने स्वतःला मंद समजण्यापूर्वी तो लक्षात घ्यावा.

शिवाय मराठी भाषकाकडे मोठी शिदोरी असते. तीन लिंगे, विभक्ती, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील भेद आणि पंचविसात आधी पाच येणे, या गोष्टी केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला जर्मनमध्ये विचित्र वाटतात. आपल्याला त्या कल्पना समजावून सांगाव्या लागत नाहीत. लिंगे मात्र जुळत नाहीत. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण काटा तिकडे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासह (डेर, डी किंवा दास) पाठ करण्याला पर्याय नाही.

नेरूळमधल्या माझ्या मावशीच्या शेजारी केरळच्या एक बाई राहतात. मल्याळममध्ये आपल्यासारखी व्याकरणिक लिंगे नाहीत. सुरुवातीला त्या भाजीवाल्याला ‘तो मेथी कसा दिला?’ असे विचारत. तो ‘ही मेथी वीस रुपये जुडी, अक्का’ असे म्हणून जुडी पिशवीत टाकत असे. दुरुस्तीही झाली, व्यवहारही झाला. या बाईंना डोके नाही, असे त्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एकालाही वाटले नाही. आज त्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून मराठीत कडाडून भांडतात आणि मेथी अजूनही अधूनमधून ‘तो’ असते. तुम्ही तिकडे चुकीचे उपपद लावाल तेव्हा बहुतेक जर्मन माणसेही तुमच्याकडे अशाच नजरेने पाहतील, हे मी अनुभवाने सांगते. ज्या उदारतेने आपण इथे दुसऱ्याचे मराठी ऐकून घेतो, ती स्वतःच्या जर्मनला द्यायला काय हरकत आहे?

आता तिकडे पोहोचल्यानंतरचे. पहिला धक्का बोलीचा बसतो. श्टुटगार्टच्या परिसरात श्वाबिश बोली चालते आणि सेवागृहातले वृद्ध तर तीच बोलतात. पुस्तकातले ‘इश हाबे’ (माझ्याकडे आहे) त्यांच्या तोंडी ‘इ हान’ होते आणि ‘निश्त’ (नाही) चे ‘नेट’ होते. चांगल्या गुणांनी बी1 झालेली मुलगी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येते ती यामुळे, आणि ‘मला काहीच येत नाही’ हा जुना शिक्का तिथे पुन्हा डोके वर काढतो. प्रत्यक्षात तो एक नवीन, मर्यादित अभ्यासविषय असतो. माझी एक सहकारी गणवेशाच्या खिशात छोटी वही ठेवत असे आणि कळले नाही ते वाक्य कानावर पडले तसे देवनागरीत लिहून जेवणाच्या सुट्टीत कुणालातरी विचारत असे. देवनागरीत ध्वनी जवळपास जसेच्या तसे उतरतात, हा फायदा तिने ओळखला होता. आजी-आजोबांची रोजची वाक्ये फिरून फिरून तीच असल्यामुळे तिच्या वहीतल्या नव्या नोंदी थोड्याच आठवड्यांत कमी होऊ लागल्या.

दुसरी अडचण अशी की तुम्ही अडखळलात की सहकारी मदतीच्या भावनेने इंग्रजीवर येतात. त्यात त्यांचा दोष नाही, पण तुमचा सराव बुडतो. अशा वेळी ‘मला जर्मनमध्येच बोलायचे आहे, चुकले तर सांगा’ असे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून ठेवावे. त्याबरोबर ‘झाग्ट मान दास झो?’, म्हणजे ‘हे असेच म्हणतात का?’, हे वाक्य जिभेवर ठेवावे. लोक आपण होऊन चुका दाखवत नाहीत, विचारल्यावर मात्र आनंदाने सांगतात.

एका बाबतीत ‘बिनधास्त चुका करा’ हा सल्ला तुम्ही मुळीच पाळू नये. ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवली जाते तेव्हा, आणि फोनवर औषधाची मात्रा सांगितली जाते तेव्हा, अंदाजाने ‘हो’ म्हणणे धोक्याचे आहे. ‘फ्युन्फत्सेन’ म्हणजे 15 आणि ‘फ्युन्फत्सिश’ म्हणजे 50. दक्षिणेत त्याचेच ‘फ्युन्फत्सिक’ होते आणि घाईत हा फरक सहज निसटतो. जर्मन लोक स्वतःसुद्धा फोनवर ‘द्राय’शी, म्हणजे तीनशी, गोंधळ होऊ नये म्हणून दोनला ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात. त्यामुळे आकडा सुटा करून परत म्हणणे, ‘एक, पाच, पंधरा मिलिग्रॅम, बरोबर?’ असे विचारणे, हे कमी जर्मन येण्याचे लक्षण समजले जात नाही. तिथे त्याकडे जबाबदार परिचारिकेचे काम म्हणूनच पाहतात. भाषेत कच्चे दिसण्याची लाज वाटून जी न विचारता मान हलवते, तिची मला काळजी वाटते. चार वेळा विचारणारीची वाटत नाही. शिक्का बसण्याची भीती इथे रुग्णाच्या जिवाशी खेळू शकते.

पुढचा टप्पाही आत्ताच माहीत असू द्या. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यासाठी जर्मनीतील बहुतेक राज्यांत बी2 लागते, म्हणजे आज अडलेले मॉड्यूल पास झाले तरी शिकणे नोकरीबरोबर चालूच राहील. तिथे मराठी माणसे भेटतील, गणपतीला एकत्र येतील, ते हवेच. त्या मंडळींनी मला परक्या गावात फार आधार दिला. पण आठवड्यातली एक संध्याकाळ जिथे कुणीही मराठी नाही अशा ठिकाणी द्या: गावातल्या लोकशिक्षण केंद्राचा स्वयंपाकाचा वर्ग, गायनाचे मंडळ, काहीही. हात कामात असले की जीभ सैल सुटते.

सध्या मात्र तिसऱ्यांदा नोंदणी करण्याची घाई करू नका. आधी वर सांगितलेली चार-चार मिनिटांची रेकॉर्डिंग करून पाहा; ऐरोली किंवा वाशीहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला जाणे होत असेल तर ती ऐकायला तो वेळ चांगला आहे. अनोळखी जोडीदाराने नाकारल्यावरही तुमचा संवाद पूर्ण चार मिनिटे चालू राहतो, असे सलग काही वेळा दिसले की मगच फक्त बोलण्याच्या मॉड्यूलचे पैसे भरा.