विजयदुर्गावरच्या ज्या गोष्टी ऐकायला मिळतात, त्यांतल्या खऱ्या किती?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत विजयदुर्गाला जाताय, तर तिथली समुद्राखालची भिंत आणि हेलियमचा शोध या गोष्टी खऱ्या मानायच्या का. माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. लहानपणापासून हा किल्ला पाहत आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

भिंतीची गोष्ट मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या खलाशाने बुरुजावर उभं राहून सांगितली. "ती दिसणा नाय, म्हणानच जहाजां फुटली," एवढंच म्हणाला आणि समुद्राकडे बोट दाखवलं. शत्रूची जड, खोल बुडाची जहाजं किल्ल्याच्या अंगावर यायची आणि पाण्याखालच्या दगडांवर आपटून फुटायची. आपली गलबतं उथळ तळाची, ती वरून निघून जायची. मला वाटायचं, ही गावची बढाई. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिथे खाली जाऊन खरोखरच दगडी बांधकामाची नोंद केली आहे. किती जहाजं बुडाली याचे आकडे कोणी सांगितले तर ते मात्र गोष्टीतले समजा.

हेलियमचं उलट आहे. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. ग्रहण खरं, आणि त्याचा खग्रास पट्टा याच किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला हेही खरं. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, इंग्रज निरीक्षक दुर्बिणी लावून बसले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. पण लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच! त्याने २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, त्यातून पुढे नव्या मूलद्रव्याचा तर्क निघाला. जान्सनचं आणि त्याचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं, म्हणून दोघांची नावं जोडली गेली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्सेला.

हे सांगून कट्ट्यांवरचा तुमचा आनंद कमी करायचा नाहीये. गावकरी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात, मुलांना सूर्याविषयी सांगतात, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त लॉकियरला तिथे बसवू नये. सावली इथून गेली, एवढं सांगितलं तरी मुलं डोळे विस्फारून ऐकतात, मी सांगून पाहिलंय.

आणि ज्या गोष्टीबद्दल गाइड दोन वाक्यांत आटोपतात, तिच्यापाशी थांबा. फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांची मदत घेतली. वॉटसनच्या आरमाराने समुद्रातून हल्ला केला, त्याच आरमारातून आलेल्या क्लाइव्हने फौज उतरवून जमिनीवरून. बंदरात दाटीने बांधलेल्या आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर गोळा पडला, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि सगळं आरमार जळालं. कान्होजींनी उभं केलेलं आरमार आपल्याच माणसांच्या भांडणात, परक्याच्या तोफेने गेलं. भिंत पाण्याखाली होती तशीच होती. वाघोटन खाडीच्या बाजूच्या तटावर उभं राहिलो की मला दर वेळी हेच आठवतं आणि गळा दाटतो.

जाताना कणकवलीहून एसटी मिळते. भरती-ओहोटीची वेळ गावात विचारून ओहोटीला पोचा, म्हणजे खाली उतरून समुद्राकडच्या तटावरच्या तोफगोळ्यांच्या खुणा बाहेरून नीट दिसतील. शेवाळावर पाय जपून टाका. परतताना गिर्ये गावात थांबून आरमाराची जुनी गोदी आणि रामेश्वराचं देऊळ बघा. देवळात जायची वाट कातळ फोडून केलेली आहे, आणि आवारात कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांची समाधी आहे.