‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ म्हणजे कुणाच्या दृष्टीने?

सांगलीहून प्रश्न आलाय. वडील तापाने मिरजेच्या दवाखान्यात तीन दिवस ॲडमिट होते. ‘दाखल होणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हते’ असं लिहून विमा कंपनीने क्लेम नाकारला. ॲडमिट करा असं डॉक्टरांनीच सांगितलेलं, मग हे ‘आवश्यक’ कुठलं?

वेगळंच आहे ते. बोलताना आपण ‘आवश्यक’ म्हणतो ते ‘निदान एवढं तरी हवंच’ या अर्थाने. अर्जाला आधार कार्ड आवश्यक. सोबत आणखी चार कागद जोडले म्हणून कुणी अर्ज परत करत नाही. पॉलिसीतलं ‘आवश्यक’ मात्र वरून झाकण घालतं.

ही व्याख्या विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेने सगळ्या कंपन्यांना एकच ठरवून दिली आहे. उपचार त्या आजारासाठी लागणारा हवा, डॉक्टरांनी लिहून दिलेला हवा, वैद्यकक्षेत्रातल्या सर्वमान्य रीतीला धरून हवा. शिवाय सुरक्षित आणि पुरेशा उपचाराला लागेल त्याहून त्याची व्याप्ती, मुदत किंवा तीव्रता जास्त नको. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी ही चारांतली फक्त एक अट झाली. कंपनीचं बोट बहुधा शेवटच्या अटीवर असणार: हेच सलाईन ओपीडीत लावता आलं असतं.

खरी गोम ‘दृष्ट्या’त आहे. ही संस्कृतातली तृतीया, म्हणजे ‘दृष्टीने’. ‘माझ्या दृष्टीने’ म्हटलं की बघणारा कळतो. ‘वैद्यकीयदृष्ट्या’त तो गायब! पेशंटची नाडी धरणारा डॉक्टर, की महिन्याभराने फाईल चाळणारा कंपनीचा डॉक्टर? मला विचाराल तर मराठीत सरळ ‘आजाराला लागेल तेवढाच उपचार’ लिहावं. त्या ‘च’ने वाचणारा आधीच सावध होईल.

आता तुमचं डिस्चार्ज कार्ड बघा. निव्वळ तपासण्यांसाठी ॲडमिट होण्याचा खर्च पॉलिसीत वेगळ्या कलमाने वगळलेला असतो, त्यामुळे ‘देखरेखीसाठी दाखल’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते अंगाशी येतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नव्हती, बीपी उतरला होता, प्लेटलेट घसरत होत्या, यातलं जे खरोखर घडलं आणि केसपेपरवर नोंदलेलं आहे, ते डॉक्टरांकडून तारीखवेळेसह लिहून घ्या. ते पत्र जोडून आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.