एकदा सोयाबीन घेतलेल्या रानात रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणारे जिवाणू) असतंच ना, मग दरवर्षी बियाण्याला कल्चर, म्हणजे या जिवाणूंचं पाकीट, का लावायचं?

असतं, पण कोणतं असतं हे बघायला पाहिजे. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींवरच होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू लागतो. मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्यं मातीत सोडतं, ती ओळखून जिवाणू आपलं नॉड फॅक्टर नावाचं द्रव्य सोडतो, ते मुळाला ओळखीचं वाटलं की मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ धरते. पुढचा भाग मला फार आवडतो. हवेतला नत्र पकडणारं जिवाणूतलं नायट्रोजनेज हे एन्झाइम ऑक्सिजनचा संपर्क आला की खराब होतं, आणि तेच काम करायला जिवाणूला भरपूर ऊर्जा लागते, म्हणजे श्वासाला ऑक्सिजन पाहिजेच! हा तिढा गाठीतलं लेगहिमोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन सोडवतं, ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला थोडा थोडाच पोचवतं. चांगली गाठ आतून लालसर दिसते ती यामुळेच.

आता तुमचा प्रश्न. जमिनीत वर्षानुवर्षं तग धरणारे जिवाणू तग धरण्यात पटाईत असतात, नत्र देण्यात असतीलच असं नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये सेरोग्रुप १२३ नावाच्या गटातले जे स्थानिक ब्रॅडीरायझोबियम आहेत त्यांनी संशोधकांना अक्षरशः जेरीस आणलं, जिवाणूचा कितीही चांगला स्ट्रेन (वाण) बियाण्याला लावला तरी बहुतेक गाठी हेच बळकावायचे. झाड अशांना शिक्षाही करतं म्हणा, २००३ साली नेचरमध्ये कीर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या गाठीतून नत्र येत नाही तिचा ऑक्सिजन सोयाबीन कमी करतं, पण तोवर गाठ बांधण्यात झाडाची साखर खर्च झालेली असते. म्हणून पेरणीच्या वेळी बियाण्यालाच चांगल्या जिवाणूंची गर्दी पाहिजे. ब्राझीलमध्ये जुन्या सोयाबीनच्या रानातही दरवर्षी कल्चर लावतात, तिथलं बहुतेक सोयाबीन युरियाशिवायच येतं, आणि या कामासाठी तिथल्या शास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. माझ्या मते तो फार योग्य माणसाला गेला.

आपल्याकडे कल्चर फेल जातं ते बऱ्याचदा लावण्याच्या पद्धतीमुळे. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर शेवटी कल्चर, सावलीत, आणि त्याच दिवशी पेरणी. पाकिटावरची तारीख बघा, उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका. युरियाचा हात आवरता ठेवा, मुळाला आयता नत्र मिळाला की गाठी कमी धरतात.

दोनचार ओळी बिनकल्चरच्या ठेवा आणि फुलोऱ्याच्या सुमारास दोन्हीकडची झाडं खुरप्याने मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुख्य मुळावर, वरच्या भागात जाड गाठी असतील आणि कापल्यावर लाल निघाल्या तर कल्चर लागलं समजा. फक्त बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या बारीक, आतून पांढऱ्या गाठी दिसल्या तर पुढच्या वर्षी कल्चर बदला.