टर्मिनल आणि प्रिंटर नव्या नेटवर्कवर हलवताना

घाबरू नका, हे काम जमण्यासारखं आहे. फक्त घाई नको. कुठल्याही केबलला हात लावण्याआधी यादी करा: प्रत्येक टर्मिनलचं (मुख्य संगणकावर काम करायच्या स्क्रीन-कीबोर्डचं) आणि प्रिंटरचं डिव्हाइस नेम (सिस्टिममधलं नाव), जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट (जोडणीचा क्रमांक), आणि ते उपकरण कोण वापरतं.

नवख्यांची सगळ्यात जास्त गडबड होते ती नावांमध्ये. टर्मिनल कुठल्या प्रिंटरवर छापणार, हे अनेक सिस्टिममध्ये डिव्हाइसच्या नावावरूनच ठरतं. एक अक्षर बदललं तरी लॉगिन व्यवस्थित होतं, पण कागद भलत्याच खोलीत निघतो किंवा जॉब क्यूमध्येच, म्हणजे छपाईच्या रांगेतच, अडकून बसतो. म्हणून जुनी नावं जशीच्या तशी ठेवा. नावं सुटसुटीत करायची हौस नंतर भागवा.

आणखी दोन गोष्टी:
- प्रिंटरचा आयपी कायमचा ठेवा, नाहीतर डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेत) रिझर्व्ह करा.
- पोर्ट तपासा. रॉ प्रिंटिंग आणि एलपीडी या प्रिंटरकडे जॉब पाठवायच्या दोन पद्धती; रॉ प्रिंटिंगचा ९१०० आणि एलपीडीचा ५१५ यांत नेहमी गल्लत होते. फायरवॉलमध्येही तोच पोर्ट उघडा हवा.

प्रिंटरच्या बटणावरून काढलेलं टेस्ट पेज पुरेसं नाही बरं का. रोजच्या टर्मिनलवरून, रोजच्याच प्रोग्राममधून छापून बघा. आधी एकच जोडी हलवा. ती दिवसभर नीट चालली की पुढची. कॅरेक्टर सेट, स्पूलिंगचं ट्यूनिंग वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. अडलात तर यादीतली ती ओळ मला पाठवा, मिळून बघू.