‘उस्तेद’ आणि ‘उस्ताद’

स्पॅनिश शिकू लागलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, आदराने ‘तुम्ही’ म्हणण्यासाठी तेथे वापरले जाणारे ‘उस्तेद’ हे सर्वनाम आपल्या ‘उस्ताद’चेच भावंड आहे काय, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलताना त्याला ‘तो’चे क्रियापद का लावावे लागते?

पहिली शंका वावगी नाही. स्पेनमध्ये ७११ ते १४९२ या काळात मुस्लिम सत्ता होती आणि त्या भाषेत अरबी शब्द भरपूर आहेत. ‘आसूकार’ म्हणजे साखर हा तर मुळात आपल्या शर्करेचाच वंशज. तरीही ‘उस्तेद’ त्या वाटेने आलेला नाही. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हे आदराचे संबोधन बोलता बोलता झिजले आणि ‘वुएसार्सेद’, ‘वुस्तेद’ अशी रूपे घेत सतराव्या शतकात ‘उस्तेद’वर येऊन ठेपले. ही मधली रूपे जुन्या लेखनात सापडतात, त्यामुळे केवळ उच्चारसाम्यावर उभ्या असलेल्या उस्तादांना येथे जागा उरत नाही. पोर्तुगीजमधील ‘व्होसे’ही अशाच संबोधनातून घडले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच व्युत्पत्तीत आहे. ‘आपली कृपा’ हे नाम असल्याने क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी आले, आणि नामाचे सर्वनाम झाल्यावरही ते बदलले नाही. म्हणून ‘तू बोलतोस’ला ‘तू आब्लास’, पण ‘तुम्ही बोलता’ला ‘उस्तेद आब्ला’, जे ‘एल आब्ला’ म्हणजे ‘तो बोलतो’ याच्याशी तंतोतंत जुळते. आपणही पाहुण्याला समोरासमोर ‘साहेब चहा घेतील ना?’ असे विचारतो, ‘घ्याल ना’ म्हणत नाही, तसेच हे. फक्त आपल्याकडे ती लकब राहिली आणि तेथे तिचा नियम झाला. गंमत म्हणजे ‘मेर्सेद’ स्त्रीलिंगी असूनही दमलेल्या पुरुषाला ‘उस्तेद एस्ता कान्सादो’ आणि स्त्रीला ‘कान्सादा’ असेच म्हणतात.

या व्यवस्थेची अडचण ‘सु’ या रूपात जाणवते, कारण ‘सु लिब्रो’ म्हणजे त्याचे, तिचे, त्यांचे किंवा तुमचे पुस्तक, यांपैकी काहीही असू शकते. संदर्भाने उलगडा होत नसेल तेव्हा ‘एल लिब्रो दे उस्तेद’ असे म्हणून संदिग्धता टाळतात. मराठीप्रमाणेच स्पॅनिशमध्येही कर्ता सर्रास गाळला जातो, मात्र याच घोटाळ्यामुळे ‘उस्तेद’ इतर सर्वनामांपेक्षा अधिक वेळा उच्चारले जाते. कोलंबियात बोगोटाच्या परिसरात तर ‘सु मेर्सेद’ या जोडीचे ‘सुमेर्से’ होऊन तेच सर्वनामासारखे आजही घरोघरी ऐकू येते.