अ‍ॅस्पिरिन दिवसाआड घेतली तर चालेल का?

तुमच्या वहिनींची पहिली डिलिव्हरी बीपी वाढल्यामुळे बत्तिसाव्या आठवड्यात करावी लागली. आता तेरावा आठवडा, डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन 150 रोज रात्री दिलीय, आणि मेडिकलवाला ‘ही हार्टची गोळी, रक्त पातळ करते’ म्हणाल्यावर घरच्यांनी ती दिवसाआड केली, असं तुम्ही लिहिलंय.

दिवसाआड नको, रोजच घ्या. ही गोळी पहिल्या खेपेसारखा बीपीचा त्रास टाळण्यासाठी आहे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर मात्र तो आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरून त्या रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त अपुरं पडतं. मग ती आईच्या रक्तात असे घटक सोडते की सगळीकडच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी वाढतं, लघवीतून प्रोटीन जातं, ते यामुळेच. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. मुळातली गडबड पाचव्या महिन्याच्या आतच झालेली असते, म्हणून गोळी बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू करायची. सातव्या महिन्यात बीपी वाढल्यावर ती सुरू करून काही पदरात पडत नाही.

2017 च्या ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीत जास्त जोखीम असलेल्या 1,776 गरोदर महिला होत्या. रोज रात्री 150 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 37 आठवड्यांआधीच बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्प्सिया 1.6 टक्के, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 4.3 टक्के. ज्यांनी 90 टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या त्यांना फायदा जास्त. दिवसाआडवाल्यांचं गणित इथेच फसतं. 37 आठवड्यांनंतर होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात मात्र फरक पडला नाही, त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून बीपी तपासणं सोडू नका. चाचणीत गोळी छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत होती. वहिनींची कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

कॅल्शियम चालू असेल तर ते लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

घरी बीपी घेताना पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्यावर आकडा उगाच जास्त येतो. 140/90 आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 आलं तर लगेच दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत इतकं बीपी असलेल्या गरोदर महिलांवर झालेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तोंडाने घ्यायच्या औषधांनीही बहुतेकींचं बीपी सहा तासांत आटोक्यात आलं. म्हणजे सलाइन-पंप नसलेल्या ठिकाणीही उपचार सुरू करता येतात. पण ते देखरेखीखाली, घरच्या घरी नाही.

शेवटची गोष्ट घरातल्या मोठ्यांना मुद्दाम सांगा. विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर दुखतंय, मळमळतंय, की लगेच ‘पित्त झालंय’ म्हणून जेलुसिल दिलं जातं. प्रीएक्लॅम्प्सियात लिव्हरला सूज आल्यावरही नेमकं तिथेच दुखतं, आणि तेव्हा बीपी फार वाढलेलं असेलच असं नाही. प्लेटलेट आणि लिव्हरची रक्ततपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, न थांबणारी डोकेदुखी, यालाही हाच नियम.