साठी ओलांडल्यावर गोल्फचा रूढ स्विंग सोडून 'विचित्र' स्विंग शिकावा का?

तुमचं वय ६१, खेळायला लागून दहा-बारा वर्षं झाली, कंबर कुरकुरते आणि कॅनडाचा जुना गोल्फर मो नॉर्मन याच्यासारखा हात लांब ताणून मारायचा सिंगल प्लेन स्विंग शिकावासा वाटतो, पण क्लबातली मंडळी हसतात. प्रश्न एवढाच ना? मी ६७ वर्षांचा, कोल्हापूरचा. तीन वर्षांपूर्वी हेच करून बसलोय. शिका खुशाल. हसणाऱ्यांचा मात्र हिशेबच धरू नका, खरा खर्च वेगळ्याच खात्यावर पडतो.

माझा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत गेला. गोल्फचा नाद लागला पन्नाशीत, गिऱ्हाइकांबरोबर येरवड्याच्या कोर्सवर जाऊन जाऊन. शिकवणारा पोरगा तरुण होता. त्यानं टीव्हीवरच्या पंचविशीतल्या खेळाडूंचा स्विंग माझ्या अंगावर चढवला: कंबर आवळून धरायची आणि खांदे तेवढे पूर्ण फिरवायचे. ताकद त्या पिळातूनच येते हे खरं, पण पीळ बसतो तो कण्याच्या खालच्या मणक्यांना. शेवटी शेवटी अठरा होल खेळून परत येताना कराडला चहाला थांबलो की गाडीतून उतरून सरळ उभं राहायलाच पाच मिनिटं लागायची.

आता नॉर्मनची भानगड काय ते बघा. नेहमीच्या पद्धतीत उभं राहताना हात खाली लोंबतात आणि क्लबचा, म्हणजे मारायच्या काठीचा, दांडा आडवट असतो. चेंडूला लागायच्या क्षणी मात्र हात वर आलेले असतात, दांडा जास्त उभा झालेला असतो. ही जुळवाजुळव अंगाला जेमतेम पाव सेकंदात करावी लागते. नॉर्मन सुरुवातीलाच हात आणि दांडा एका रेषेत ठेवायचा. पाय फाकवलेले, क्लबचं डोकं चेंडूच्या फूटभर मागं, आणि ग्रिप, म्हणजे दांड्याची मूठ, बोटांत न धरता फावडं धरल्यासारखी तळहातात. दिसायला ओबडधोबड. पण याच स्विंगनं त्यानं १९५५ आणि १९५६ साली कॅनडाची हौशी स्पर्धा लागोपाठ जिंकली, आणि चेंडू सरळ मारण्यात आजही त्याचंच नाव आधी घेतात.

मी सराव करतो गच्चीवर. क्रिकेटची जाळी बांधलीय, खाली काथ्याची दोन पायपुसणी एकावर एक. (एकच घातलं तर सिमेंटचा दणका थेट मनगटात जातो, अनुभव आहे.) सांडगे वाळत असले की सरावाला सुट्टी. शेजारच्या गच्चीवर कुस्तीचे एक जुने वस्ताद सकाळी ऊन खायला बसतात. चार दिवस नुसते बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "इंजिनेरसाहेब, कंबर कशाला बांधून ठेवलीसा? टाच उचला की जरा." नव्या पद्धतीनं हात धरत होतो, पण जुनी कंबर काही सुटली नव्हती. क्लब मागं नेताना डावी टाच मोकळी उचलू दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा कंबरेत कळ आली नाही. पुढं म्हणाले, "माझा गुडघा गेल्यावर ढाक सोडली मी. घिश्श्यावर चार वर्सं काढली." ढाक, घिस्सा हे कुस्तीतले डाव. मग अर्धा तास गुडघ्याची कथा ऐकली, ती इथं सांगत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आधी महिनाभर फक्त टाच मोकळी सोडून बघा. उजवं पाऊल थोडं बाहेर वळवा, म्हणजे मागं वळणं सोपं जातं. जॅक निकलससारखा दिग्गज आयुष्यभर टाच उचलूनच खेळला, त्यात कमीपणा काही नाही. तेवढ्यानं भागलं तर नॉर्मनच्या वाटेला जायचं कारणच उरत नाही. मणक्याचं दुखणं पायात उतरत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग क्लब.

भागलं नाही, तर सिंगल प्लेन. आता तो खर्च सांगतो. माझे पहिले चार महिने वाईट गेले. हात लांब गेल्यामुळे चेंडू क्लबच्या टाचेवर, म्हणजे डोकं दांड्याला जुळतं तिथं, लागायचा आणि शँक होऊन उजवीकडं पळायचा. त्यात मी महामूर्खपणा केला: रविवारी पैजेवर खेळायचं असलं की जुना स्विंग, बाकी दिवस नवा. दोन्ही बिघडले. एकदा बदललं की जुन्याकडं वळून बघू नका. सुरुवातीला फक्त सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब), तेही अर्धाच स्विंग, चेंडू नाकासमोर जायला लागेपर्यंत. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, दोन महिने हात लावू नका. आणि अंतर घटतं. माझा सेव्हन आयर्न १३० यार्ड जायचा, आता १२० जातो. बदल्यात स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडं वळत जाणं, गेला, हरवणारे चेंडू कमी झाले. ग्रिप जाड करून घ्या, नॉर्मनच्याही जाड होत्या. आपल्या वयात बोटांचे सांधे आखडतात, त्यांनाही आराम पडतो.

नियमाचं विचाराल तर स्विंग कसा दिसावा याबद्दल पुस्तकात काही नाही. चेंडू क्लबच्या डोक्यानं मारायचा, ढकलायचा किंवा ओढायचा नाही. २०१६ पासून क्लबचं टोक छातीला-पोटाला टेकवून मारायला बंदी आहे, आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून पट (होलकडं हळूच मारायचा फटका) मारता येत नाही. बस्स.

कोणी फारच हसलं तर त्यांना पापवा सेवगोलुमचं नाव सांगा. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी, म्हणजे खेळाडूंची क्लबची पिशवी वाहणारा. दोन्ही हात उलटे, म्हणजे डावा खाली आणि उजवा वर. त्या ग्रिपनं त्यानं डच ओपन तीनदा जिंकली, आणि १९६३ ची नाताल (डर्बनचा प्रांत) ओपनही. वर्णभेदाच्या कायद्यामुळे क्लबहाऊसमध्ये घेतलं नाही, करंडक बाहेर पावसात हातात दिला. १९६५ ला तीच स्पर्धा त्यानं गॅरी प्लेअरला मागं टाकून जिंकली. ही गोष्ट मी येरवड्याला एका कॅडीला सांगितली, तर तो म्हणाला, "सर, मी पण उलटाच धरायचो, साहेब लोकांनी सरळ करायला लावलं." त्याला म्हटलं, दाखव मारून. सहा नंबरच्या आयर्ननं मारलेला त्याचा चेंडू माझ्या ड्रायव्हरच्या जवळपास जाऊन पडला.

चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आणि पटला हात लावू नका, ते जुनेच ठेवा. बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचं, मात्र मला विचारू नका, तिथं मी अजून चार फटक्यांत बाहेर येतो.